बिनवाऱ्याची घळ

मी कधी भुताच्या गप्पा मारत नाही. पण हे घडलंय. माझ्या आईने, फ्योक्लाने, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

कामचाट्का. १९६४ चा ऑगस्ट. धुमसत्या डोंगराखाली आमच्या रेनडिअरच्या कळपाचा तळ पडला होता. मी आठ वर्षांची.

फेब्रुवारीत किरिकमामा हिमलोटाखाली गेला. देहही मिळाला नाही. उस्तिन्यामामीसाठी मागे उरला तो त्याचा स्वारीचा रेनडिअर.

त्या दुपारी तोच दिसेना.

"वहिनी, वारा पडलाय. घळीकडे जाऊ नकोस," आई म्हणाली.

"मग तुम्ही आणून देता का, वन्सं? तुमचे गुडघे तर चहाला उठतानासुद्धा रडतात!"

हसतच निघाली मामी.

वारा पडला की घळीत डोंगराचा विषारी वायू साचतो. गुडघाभर. उभा माणूस वाचतो... बसलेला उठत नाही. म्हणून आमची माणसं पेटती चूड गुडघ्याशी धरून उतरतात. विझली, की मागे फिरायचं.

मामी घळीच्या काठावर पोचताच डास नाहीसे झाले.

पक्ष्यांचाही आवाज नाही.

तिच्याबरोबर आलेला कळपाचा कुत्रा तिथेच थबकला. काही केल्या पुढे येईना.

खाली रेनडिअर निजल्यासारखा पडला होता. शेजारी एक कोल्हा. तोही निजल्यासारखा...

मामी चूड गुडघ्याशी धरून उतरली. चूड विझली.

ती मागे फिरणार, इतक्यात... रेनडिअरच्या गळ्यातली घंटा वाजली.

रेनडिअर हललाच नव्हता.

"उस्तिन्या..." मामाचा आवाज. "किती वणवण करशील? बस जरा."

आमच्यात मेलेल्याला ओ देत नाहीत. मामीला ते ठाऊक होतं. पण सहा महिन्यांत तिला कुणी नावाने हाक मारली नव्हती. सगळ्यांची ती वहिनी, नाहीतर मामी.

"आले रे," म्हणाली.

आणि खाली बसली.

संध्याकाळी आईला ती काठावर सापडली. श्वास चालू होता.

उतारावर मऊ राख. खाली गेलेली मामीची पावलं स्पष्ट उमटली होती.

वर येणारं... एकही नव्हतं. कुणाचीच. ओढत आणल्याची खूणही नाही.

"वहिनी! कुणी आणलं तुला वर?"

"त्यानेच बसवलं, वन्सं... आणि त्यानेच उठवलं. 'नको, तू जा' म्हणाला."

आईने तिला तंबूत आणलं, तेव्हाचा तिचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे येतो...

वाचलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. मागे टाकून दिलेल्या माणसाचा होता.