खिडकीतला जांभळा मणी

"चष्मा काढून बघा एकदा, मी एवढा काही वाईट दिसत नाही," शिडीवरून वायरमन म्हणाला, आणि गॅसच्या ज्योतीपुढे काच फुंकत बसलेल्या तिचा नळीतला श्वास चुकला. काच वाकडी झाली. काका उगाचच खोकले.

दुकान काकांचं, प्रयोगशाळांना नळ्या आणि चंबू पुरवणारं. हात मात्र पुतणीचे. बोलणं तिच्या जिवावर यायचं, सगळा श्वास फुंकण्यातच संपायचा. तरी त्या दिवशी तिने आपला चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला. तापलेल्या काचेभोवतीचा पिवळा झगझगाट नाहीसा झाला... आणि पलीकडचा तिचा घामेजलेला चेहरा त्याला स्वच्छ दिसला. चष्म्याच्या काचेत निओडिमियम ऑक्साइडची पूड असते, ती नेमका तो पिवळा उजेड गिळते, एवढं सांगून ती गप्प झाली. पुढे चार दिवसांचं वायरिंग महिनाभर पुरलं. कधी पक्कड विसरायची, कधी टेस्टर.

मग एके दिवशी तो पडेल चेहऱ्याने आला. दूरच्या बंदरावर पाच वर्षांची नोकरी मिळत होती, उद्या संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता.

"तू थांब म्हणालीस तर जात नाही. तोंडाने नको सांगूस, तुला जमायचं नाही. उद्या खिडकीत मणी ठेव. जांभळा असला तर थांबतो. निळा असला तर... समजेन."

जाता जाता त्याने खिडकीवरचा जुना पिवळा बल्ब काढून ट्यूबलाइट बसवली. तेवढंच काम उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी आभाळ काळवंडलेलं होतं. चष्म्यातल्या त्याच निओडिमियमच्या पुडीचा, स्वतः घडवलेला जांभळा मणी तिने खिडकीत ठेवला आणि लाजून पाठ फिरवून कामाला बसली. अंधारून आलं म्हणून काकांनी ट्यूब लावली. बाहेर ओळखीची पावलं आली, थांबली... आणि गेली.

तिने वळून पाहिलं. मणी निळा दिसत होता.

तिने फोन लावला. बऱ्याच वेळाने त्याने उचलला.

"मणी जांभळाच आहे," ती म्हणाली.

"माझ्या डोळ्यांनी निळा पाहिला मी."

"तुझ्याच ट्यूबखाली. त्या काचेचा रंग उजेडाप्रमाणे बदलतो. मला माहीत होतं रे... तुझ्या नादात लक्षातच आलं नाही."

त्याचा होकार कळवून झाला होता, इथल्या कामावर त्याच्या जागी दुसरा माणूसही घेतला होता; आता मागे फिरता येणार नव्हतं.

"पाच वर्षं फार असतात गं."

"असू देत. माझं प्रेम आहे तुझ्यावर. मी थांबते." एवढं ती एका दमात कधीच बोलली नव्हती.

फोन ठेवून तिने शिडी आणली, ट्यूब काढून जुना बल्ब पुन्हा लावला. खिडकीतला मणी पुन्हा जांभळा झाला, पण तो बघायला रस्त्यावर कोणी नव्हतं.