दावं विकायचं नसतं

बैल न्यायला आलेला माणूस रिकाम्या हातानं आला, तेव्हाच पंचशीलाला वाटलं... हा एक तर येडा आहे, नाहीतर लई शहाणा.

ज्येष्ठातली दुपार होती. चाकूरकडच्या त्या माळावर आभाळ नुसतं पांढरं पडलेलं. लातूर जिल्हा होऊन वर्ष होत आलं होतं. जिल्ह्याला कलेक्टर मिळाला, पाऊस तेवढा मिळायचा राहिला होता. कडबा संपला म्हणून तिच्या बापानं, पंढरीनं, घरचा बिजल्या विकला. अंग पांढरं, तोंड काळं, अस्सल देवणी. घेणारे गुरुबसप्पा मांजरा नदीकाठचे लिंगायत शेतकरी. त्यांच्या विहिरीत अजून पाणी होतं. आज बैल न्यायला आला होता त्यांचा पोरगा, सिद्धेश्वर.

त्यानं सरळ खुंट्याला हात घातला.

"तुमचं दावं कुठाय?" पंचशीलानं दारातूनच विचारलं.

"बैलाला हाय की."

"ते आमचं. आमी बैल विकलाय, दावं न्हाई."

हा त्या घरचा कायदा. जनावर गेलं तरी दावं घरातच राहायचं, नाहीतर गोठ्याची बरकत जाते. छप्पन साली बौद्ध झाल्यावर पंढरीनं देव विहिरीत सोडले, पण बैल कसे सोडणार? दर ज्येष्ठात, पोळ्याच्या आधी, सगळं घर अंबाडीच्या धाग्यांचा वाख घेऊन अंगणात बसायचं. दावी, कासरे, सगळं घरी वळलेलं. बाजारचा दोर त्या खुंट्याला कधी लागला नव्हता.

"मग मी काय बैल काखेत मारून नेऊ?"

आतून तिची आई, धुरपताबाई, ओरडली, "माळ्यावर वाख हाय. वळा आन् न्या. पंचे, ह्याला एक टोक दे."

दावं वळणं एकट्याचं काम नाही. एकानं टोक घट्ट धरायचं, दुसऱ्यानं काठी फिरवून पीळ द्यायचा. पीळ चढेल तसा वाख आखडतो, आणि टोक धरणाऱ्याला पुढं सरकावंच लागतं. तो अडून राहिला, तर पदर तुटतो.

"पुढं या," पंचशीला म्हणाली. तो एक पाऊल आला. "अजून... आता लई आलात, ढिला पडला."

"तूच म्हणलीस की—"

"माझ्या आईला मावशी म्हणा. आन् मला तुमी."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जन्मात या वस्तीतल्या कुणाला त्यानं तुमी म्हटलं नसेल. "बरं... तुमीच म्हणलात."

तीन पदर एकत्र वळेपर्यंत दोघांत हातभर अंतर उरलं. त्याच्या मिशीला वाखाचा एक तंतू चिकटला होता. सांगावं का? तिनं बैलाकडं बघितलं. सिद्धेश्वर कुठं बघत होता, ते तिला बैलाकडं बघूनही कळत होतं.

बिजल्या गेला. ती रडली. बैलासाठीच, असं तिनं स्वतःला बजावलं.

बाराव्या दिवशी सिद्धेश्वर पुन्हा दारात. "दावं तुटलं."

"बैल बांधता का हत्ती?"

"लई वढ घेऊन राहिला. सारखा इकडंच वढतो."

"कोण?"

"...बैल."

दुसरं दावं वळलं. या वेळी तो बरोबर सरकत होता, ना पुढं ना मागं. तो गेल्यावर तिला कळेना, आपण दाव्याला जास्तीचा पीळ का दिला. टिकावं म्हणून? की लवकर तुटावं म्हणून?

आठ दिवसांत तो तिसऱ्यांदा आला, आणि पुरावा म्हणून तुटका तुकडाच घेऊन आला. इथंच फसला. झिजून तुटलेल्या दाव्याचे धागे खालीवर सुटतात, म्हाताऱ्याच्या दाढीसारखे. हे टोक एका रेषेत होतं.

"हे विळ्यानं कापलंय."

तो म्हणाला, "हाव. आधीचंबी मीच कापलं."

"कामून?"

"यायला दुसरं काय निमित्त सुचंना मला."

तिच्या ओठांवर हसू आलंच होतं. तेवढ्यात त्यानं घाण केली.

"मला लातूरला नव्या कचेरीत नोकरी लागली. तितं कुणी कुणाला वळखत न्हाई. खोली करू. लग्न करू. फक्त तुमचं नाव... पंचशीला न्हाई सांगायचं. पार्वती सांगू."

एकाच दमात त्यानं मागणी घातली होती आणि तिचं नाव पुसूनही टाकलं होतं.

"बैल घेताना माझ्या बापाचं नाव चाललं. बैलाला इटाळ व्हत न्हाई, व्हय? आन् बायको करायची तर नाव झाकायचं?" तुमी कधी गळालं, तिलाही समजलं नाही. "ऊठ. माझं नाव तुझ्या घरात, तुझ्या आईम्होरं, दिवसाउजेडी घे. मग इथं घे."

तो गेला.

आणि मग तिचा घोळ सुरू झाला. बोलले ते खरंच होतं. शंभरदा बोलले असते. मग वाटेवर सायकल वाजली की कान का टवकारतात?

"आये, खरं बोलल्यावर माणसाला बरं वाटाया पायजे ना?"

"कुणी सांगितलं तुला?" धुरपताबाईनं भाकरी उलटली.

दहाव्या दिवशी, ऊन कलताना, तो आला. चालत. अंगणातल्या दगडावर बसला.

"सांगितलं?"

"हाव. नाव घेऊन."

"आई काय म्हणली?"

"अव्वा बोललीच न्हाई. जेवाया वाढलं. भाईर, वसरीवर, येगळ्या ताटलीत... वरून टाकलं."

पंचशीला बघतच राहिली. पोटच्या पोराला त्या बाईनं एका नावापायी उंबऱ्याबाहेर बसवलं होतं. तिच्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या चाखलेलं, ते याला एका जेवणात कळलं. संताप यावा, की कीव?

"मग, जेवलास?"

"जेवलो. भूक लागली व्हती."

ती हसली. हसता हसता डोळे भरले, आणि आपण नक्की काय करतोय ते तिला समजेना.

तेवढ्यात पंढरी रोजगार हमीच्या खडीवरून आला. अंगभर पांढरी भुकटी. "बैल बरा हाय का, मालक?"

"बरा हाय, मामा. मी... पंचशीलाला मागाया आलोय. माझी जात तुमी जाणता. घरी सांगून आलोय."

पंढरी पाय धुता धुता थांबला. "धुरपता, मला ऐकू आलं ते खरं हाय का?"

"मलाबी तसंच ऐकू आलं."

"पंचे?"

तिनं मान खाली घातली नाही. "माझं मन हाय, बाबा. पर भ्याबी वाटून राहिलंय."

पंढरीनं उरलेलं पाणी पायावर ओतलं. "मला काय सुचंना. दिसभर दगड फोडून डोकं बधिर हाय. एकच सांगतो. लातुरात ऱ्हावा न्हाईतर दिल्लीत, दारावर पाटी लावशील तवा हिचं नाव पुरं लिव्हायचं. आता जेव."

पंढरी भाकरीसाठी आत गेला. अंगणात दोघंच उरली.

"पाटीवर पयलं नाव कुणाचं?" पंचशीलानं हळूच विचारलं.

"तुझं."

"आडनावासकट?"

सिद्धेश्वरनं वर तिच्याकडं बघितलं. त्या आडनावावरून लातुरातली कुठली दारं मिटतील, ते दोघांनाही ठाऊक होतं.

"आडनावासकट."

"भ्यालास?"

"हाव."

"मीबी," ती म्हणाली, आणि त्याच दगडावर त्याच्याशेजारी बसली.