वाळलं की पेटवू

"रोग तुमच्या बियाण्यातच होता, बाबा! डबाभर बी जपलंत आणि अख्खा मळा बुडवलात!" काका ओरडले.

आजोबा चपला शोधू लागले. दाराशी त्यांची भरलेली पिशवी. दुपारच्या गाडीने ते आत्याकडे निघाले होते, कायमचे.

"आजोबांना कशाला बोलता?" भिंगऱ्या तडकला.

"तू गप रे! सुट्टीला आलास, लगेच शहाणा झालास?"

भिंगऱ्याने बहिणीला, ठकीला, खेचलं आणि दोघं तडक मळ्यात.

आभाळ तापून पांढरं पडलं होतं. महिनाभर थेंब नाही! कलिंगडाची पानं आकसून वाट्यांसारखी वळलेली, फळं लिंबाएवढीच. ठकीने वेल हलवला, तर पीठ उधळावं तशा पांढऱ्या माश्या उडाल्या.

"शी! नाकात गेल्या!"

"तोंड मिट आणि बघ! रोगट वेल सगळे बांधाकडेच. त्या टोकाला मात्र हिरवेगार. बी तर एकाच डब्यातलं!"

बांधावर पलीकडच्या वावरातून उपटलेल्या रोगट वेलांचा ढीग होता. वाळून कुरकुरीत.

"हा कुणी टाकला?" भिंगऱ्याने विचारलं.

"काकांनी. आपण आलो त्याच दिवशी. तीन आठवडे झाले. म्हणाले, वाळलं की पेटवू."

"वाळेपर्यंत माश्या उपाशी बसतील होय? उठल्या आणि शेजारच्या पंगतीला बसल्या!"

धावत जाऊन त्यांनी काका-आजोबा दोघांनाही बांधावर आणलं. आजोबांनी पान उलटून पाहिलं. "कोरडी, तापलेली हवा म्हणजे या माशीची चैन. पिलावळ वाढतच जाते. रोगट पानाचा रस पिते, चांगल्यावर बसते, रोग तिथे. एखादी जोराची सर आली असती तर बऱ्याच धुऊन गेल्या असत्या."

काका ढिगाकडे बघत राहिले. चेहरा उतरला.

"माझाच आळस, बाबा. पिशवी रिकामी करा."

"निम्मा मळा तर गेलाच," आजोबा हळूच म्हणाले. कुणालाच बरं वाटलं नाही. "उरलेला राखायचा तर रोगट वेल आत्ताच उपटून गोणीत कोंबा. वारा सुटला की माश्या पार त्या टोकाला जातील."

"पोरांनो, डोळे आहेत तुम्हाला!" काका पुढे सरसावले. "ये रे भिंगऱ्या, पाठ थोपटू दे..."

पलीकडचं पान हललं.

"पाठ राहू द्या, काका! वारा सुटला. मला गोण्या आणायला जायलाच हवं!"