औटकीचं पेव

कुरुंद्यात माझ्याकडे तीन लेकरं शिकायला यायची. त्याला शाळा म्हणायची सोय नव्हती. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे, आणि सरकार बसलेलं हैदराबादेला. कुणी विचारलंच तर मी सांगायची, "शेंगा फोडायला येतात." खोटं नव्हतं. बाराखडी आमची शेंगा फोडता फोडताच झाली.

माझं स्वतःचं शिक्षण भिंतीपलीकडचं. माझ्या भावाला पंतोजी शिकवायचे आणि मी इकडे डाळ निवडत ऐकायची. अडीचकीचा पाढा संपला, भावाला गोवर निघाला, पंतोजी यायचे बंद झाले. त्यामुळे माझी विद्या अडीचावर थांबली. पुढं जे आलं ते हिंडून, बघून. म्हणून लेकरांनाही मी घरात कमी आणि बाहेर जास्त शिकवलं. वाफ शिकायला हळदीच्या कढईपाशी जायचं. सिग्नल कसा पडतो हे बघायला बैलगाडीनं वसमतच्या स्टेशनात. बाहेर निघायचं म्हटलं की तिघं अशी नाचायची, की माझाही पाय घरात ठरत नसे.

हळदीचे व्यापारी चाँद पाशा यांची दोन लेकरं, नासेर आणि फातिमा. तिसरी बनी, लिंबाजी धनगराची, दहा वर्षांची. हुशार, आणि भांडखोर. शिमगा झाला की लिंबाजी मेंढरं घेऊन पैनगंगेकडं निघायचा. यंदा बनीलाही नेणार होता.

मी त्याच्या पुढं हात जोडले. तो लाजला. म्हणाला, "पंचफुलाबाई, म्हाझ्या बापाला औटकी तोंडपाठ व्हती. साऱ्या वाड्यावस्तीत त्याला एकट्याला. पोरीला औटकी आली तर ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. न्हाई आली तर मेंढरामागं."

औट म्हणजे साडेतीन, औटकी त्याचा पाढा. आणि औटकी मला स्वतःलाच येत नव्हती. मांडून काढली असती. पण बनीच्या डोक्यात अर्धा शिरायलाच तयार नव्हता.

"मावशे, अर्धं मेंढरू कुठं असतं काय?" ती कमरेवर हात ठेवून विचारायची. "हाय तर अख्खं हाय. न्हाई तर न्हाई."



लिंबाजी निघायला नऊ दिवस होते. मी तिला अंगणात आडवी झोपवली. "तुझ्याच हातानं तुला मोजू." कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. डोक्यापासून टाचेपर्यंत भरली साडेतीन. मग फातिमा मोजली, तिच्या हातानं ती साडेतीन. नासेरही तेवढाच. मग मला झोपवली, आणि मीही. पोरं हसून लोळली.

"म्हंजे समदेच औट?" बनी म्हणाली. तिला अर्धा पहिल्यांदा दिसला होता, स्वतःच्या अंगात.

मग मला सुचलं. बनीच्या मापाची दोरी घेतली, तेवढ्या तेवढ्या अंतरावर गाठी मारल्या, दर औट हाताला एक गाठ. आणि निघालो चाँद पाशांच्या आवाराकडं, मागच्या जुन्या पेवाची खोली मोजायला.

पेव म्हणजे जमिनीखालची कोठी. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठं. हे कित्येक वर्षं रिकामं होतं. चाँद पाशा म्हणाले, "आमच्या दादांनी खोदलं. दोन पुरुष बराबर. बघा, पर लेकरांना उतरू देऊ नका."

आधी कंदील सोडला. खाली हवा वाईट असेल तर दिवा विझतो, हाही एक धडा. दिवा विझला नाही. मग दगड बांधून दोरी सोडली. दोन गाठी गेल्या आणि दोरी सैल पडली.

"दोन औट?" नासेरनं वाकून ओरडून विचारलं.

"सात," पेवातून आलं.

फातिमानं टाळ्या वाजवल्या. मी सांगितलं, बनी सात म्हणाली आणि पेवानं ते परत केलं, याला प्रतिध्वनी म्हणतात.

"म्या न्हाई म्हणलं, मावशे," बनी गाल फुगवून कशीबशी म्हणाली. तिचं तोंड शेंगांनी भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोरं माझ्या आधी पेवावर. दोरी सोडली. तीन गाठी गेल्या.

"तीन औट?"

"साडेदहा."

मी वहीत लिहिलं: काल दगड कडेला अडला असावा.

तिसऱ्या दिवशी चार गाठी. चौदा. मी लिहिलं: तळाची माती खचली असावी. चौथ्या दिवशी पाच. साडेसतरा. मी घरी येऊन दोरी पुन्हा हातानं मोजली. ती ताणली नव्हती. तरी लिहिलं: दोरी ताणते.

भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, मला जो आनंद झाला होता तसा मला लग्नातही झाला नव्हता. जिथं पंतोजी थांबले तिथून पुढं कुणीतरी शिकवत होतं, आणि या वेळी मी भिंतीआड नव्हते. चुलीपुढं भाकरी थापता थापता मी पुटपुटायची: सहा औट एकवीस, सात औट साडेचोवीस. दोरी पुरेना म्हणून बाजेची सुतळी सोडून जोडली. नवरा म्हणाला, "आता निजू कुठं?" मी म्हणाले, "खाली. आपण दोघं मिळून दोन औट."

बनी तर पेटली होती. वाटेवरची झाडं, बैल, बांध, सगळं औटात मोजायची. फक्त मधूनच थांबायची आणि चिडवायची, "पर मेंढरू अर्धं नसतंच, मावशे. ते काई म्या मानायची न्हाई."

आठव्या दिवशी चाँद पाशा बघायला आले. नऊ गाठी खाली होत्या. त्यांनी दोरी बोटांत धरून बघितली.

"कोणाच्या मापाची दोरी हाय, बाई?"

"बनीच्या."

त्यांनी टोपी नीट केली. "माणसाच्या मापाची दोरी रिकाम्या पेवात सोडत नसतात. दादा म्हणायचे."

"काहून?" मी विचारलं.

"काहून ते त्यांनी न्हाई सांगितलं. उद्या तोंड लिंपून टाकतो."

"एक दिवस थांबा," मी म्हणाले. "एकच गाठ राहिली आहे."

ते माझ्याकडं बघून हसले नाहीत. पण थांबले.

नवव्या दिवशी भर दुपारी आम्ही गेलो. कंदील खाली गेला, तिळाएवढा झाला, तरी जळत होता. दोरीचं टोक बनीनं मनगटाला गुंडाळलं होतं. मी नको म्हणाले होते. की म्हणायची राहिले, आता आठवत नाही.

दहावी गाठ गेली.

"दहा औट?" बनीनं विचारलं.

उत्तर आलं नाही.

दोरी सैल पडली नाही. ताठ झाली.

बनी पोटावर पडली, सरकली, खांद्यापर्यंत आत गेली. मी तिचे दोन्ही घोटे धरले. फातिमा रडायला लागली. नासेरनं माझी कंबर धरली.

तीन श्वास, फार तर चार. तेवढ्यात आतून बनीच्या आवाजात अख्खी औटकी ऐकू आली, एकापासून दहापर्यंत, न अडखळता.

मग दोरी सुटली आणि पोर बाहेर आली. केसांत पिवळी धूळ.

"काय दिसलं गं? लागलं का?"

ती एक श्वासभर थांबली.

"काही नाही, मावशी."

मी तिला छातीशी धरून हसले. मावशे नाही, मावशी. विद्येबरोबर वळणही आलं, असं मनात म्हटल्याचं मला आठवतं.

लिंबाजी दुसऱ्या दिवशी आला. मेंढरं वाटेवर उभी.

"सांग बरं, चार औट?"

"चौदा."

"नऊ औट?"

"साडेएकतीस."

त्यानं उलटसुलट विचारलं. प्रत्येक वेळी ती श्वासभर थांबायची आणि बरोबर सांगायची. लिंबाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बापावानीच हाय," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या, बाई. शिकू द्या."

मी जिंकले होते. अंगणभर नाचावंसं वाटत होतं. कळप निघाला. बनीचा कुत्रा, रोज तिच्या पायांत घोटाळणारा, तिच्याजवळून गेला आणि थांबला नाही. गडबडीत असेल.

दुपारी चाँद पाशांकडून निरोप आला, पेव लिंपतोय, तुमची दोरी आत राहिली असेल तर बघा. बनी माझा पदर धरून बरोबर आली. वाटेत तिनं काही मोजलं नाही. काही विचारलंही नाही. मी विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं.

गड्यांनी शिळा तोंडाशी आणली होती. चिखल मळून तयार होता.

"बंद करू?" चाँद पाशांनी विचारलं.

शिळेची कड धरून मी वाकून आत बघितलं. दोरी दिसली नाही. कंदील दिसला, खूप खोल. अजून जळत होता.

आणि तिथून, चिडवल्यासारखा, शेंगांनी भरल्या तोंडाचा आवाज आला.

"पर मावशे, अर्धं मेंढरू कुठं असतं काय?"

माझ्या हातातून शिळेची कड सुटली नाही. मी ती तशीच धरून राहिले.

मागं पदराला हलका ताण आला. श्वासभर शांतता.

"असतं," बनी म्हणाली.