भरल्या गाडीचं माप

फाटक सहाच्या आत उघडायचं नाही. हॉर्न वाजवून दरड हलत नसते, पोरांनो. इंजिन बंद करा आणि या इकडे शेगडीपाशी. किटलीत चहा आहे, अंडी उकडलेली आहेत. रात्र काढायला आणखी काय लागतं?

मघाशी एक्सल बदलून आणला म्हणत होतं ते कोण? तू? बरं. ब्रेकची नळी कुणी जोडली? आणि जोडल्यावर गाडी चॅसीवर उचलून, एक्सल खाली लोंबता सोडून, बघितलं का कुणी?

बघा, नाही म्हणतोय.

मग ऐक, तुझ्यासाठीच सांगतो. ही गोष्ट इकडून तिकडून ऐकलेली नाही. पेंग वेन-छाईनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलीय, आणि पेंगला मी चाळीस वर्षं ओळखतो. आम्ही दोघं एकाच उस्तादाचा मार खाऊन शिकलो. नानतोउ जिल्ह्याच्या या अंगाला त्याच्यासारखा मिस्त्री नव्हता. खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही. एकदाच बोलला. तेही बोलून नाही, गप्प बसून.

गेल्याच्या गेल्या सालची नोव्हेंबरची एकोणीस तारीख. रविवार. संध्याकाळी सहाला पेंगनं वालिसची गाडी हातावेगळी केली. वालिस म्हणजे वरच्या वाडीतला, डोंगरातल्या सेदिक जमातीतला पोरगा, कोबी वाहतो तो. त्याचा मागचा एक्सल मोडला होता. भंगारातून दुसरा आणून बसवला. बनावट तीच, पण साल वेगळं. त्या सालच्या एक्सलवर नळी जोडायचं तोंड चार बोटं खाली असतं. पेंगनं गाडीत वाळूची पोती टाकली, स्प्रिंगचे पाटे दाबून घेतले आणि मग नळी जोडली. झकास बसली.

पोती का टाकली, ते तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे सगळेच टाकतात. घाट उतरायचा तो कोबी भरून, ब्रेक लागायचा तो तेव्हा, म्हणून माप घ्यायचं ते भरल्या गाडीवर. उस्तादानं तसं शिकवलं, आम्ही तसं केलं. तैवानभर कोबी पोचतो तो याच मापावर.

वालिस निघताना म्हणाला, "मिस्त्री, ब्रेक चोख आहे ना? रात्री बाराला माल भरून निघणार. येताना पोरगी असेल सोबत. सकाळी तिला वसतिगृहात सोडायचीय."

"माझ्या हातचा ब्रेक, आणि मलाच विचारतोस? पळ, कोबी सडेल तिकडे."

पेंग हे हसत म्हणाला. मला सांगताना मात्र त्याला ते वाक्य धड बोलता येईना.

रात्री नऊला जेवताना त्याच्या लक्षात आलं, चष्मा गॅरेजातच राहिला. घर ते गॅरेज पाच मिनिटं. गेला, दिवा लावला, चष्मा घेतला. कोपऱ्यात दुसरी एक गाडी चॅसीवर उचलून ठेवलेली होती. तिची चाकं खाली लोंबत होती, आणि लोंबूनसुद्धा तिच्या ब्रेकच्या नळीला चांगला वीतभर झोल होता. पेंग दारापर्यंत गेला. तिथून परत आला. पुन्हा त्या नळीकडे बघत उभा राहिला.

वालिसच्या नळीला झोल होता दोन बोटं. तोही भरल्या गाडीवर.

आणि वालिस गेला होता रिकामा. रिकामी गाडी पाट्यांवर उंच उठते, एक्सल खाली राहतो. शेताकडचा रस्ता म्हणजे खड्डे आणि चर. प्रत्येक चरात चाक आणखी खाली पडणार, आणि ती आखूड नळी प्रत्येक वेळी तारेसारखी ताणली जाणार. चढताना कळणार नाही, कारण चढताना ब्रेकवर पाय कोण ठेवतो? कळणार ते उतरताना. कोबी भरल्यावर. पोरगी शेजारी बसल्यावर.

फोन लावला. लागेना. वर रेंज कुठली! पुन्हा लावला. नाहीच.

आणि तेव्हा, म्हणाला, त्याला ताकुन आठवला.

तुम्ही तेव्हा लहान होता. त्या रात्रीच्या आठ वर्षं आधी एकतिसाव्या किलोमीटरच्या वळणावरून ताकुन नावाच्या सेदिक ड्रायव्हरची गाडी दरीत गेली. पाऊस असा की प्रेत नऊ दिवसांनी नदीत सापडलं. केबिनमध्ये तांदळाच्या दारूचा वास आणि फुटकी बाटली. झालं! प्यायला होता, म्हणाले. पोलिस म्हणाले, बाजारात म्हणाले, आणि डोंगरातला माणूस म्हटल्यावर सगळ्यांना ते लगेच पटलंही. अरे, पण बाटली कुणाच्या गाडीत नसते? वळणावर मेलेल्यांसाठी चार थेंब सांडायला आपण सगळेच ठेवतो. तुझ्याही गाडीत असेल आत्ता. तरी आम्ही म्हणालो, बेवडा होता. मीही म्हणालो. लाज वाटते आज.

त्या अपघाताच्या दोनच दिवस आधी ताकुनच्या गाडीला पेंगनं एक्सल बसवला होता. त्याच सालचा. तोंड चार बोटं खाली. त्यानंतर आठ वर्षांत तसला एक्सल त्याच्या हातात पुन्हा आला तो थेट वालिसच्या गाडीसाठी.

तुला तेव्हाच संशय आला नव्हता का रे, असं मी त्याला विचारलं. हातातला पाना खाली ठेवला त्यानं. मग म्हणाला, "आला होता. लोक प्यायला म्हणाले, आणि मला बरं वाटलं."

असो. पावणेदहाला पेंग निघाला. त्याच्या छोट्या व्हॅनमध्ये लांब नळी, तांब्याचे नवे वायसर, ब्रेक ऑइल, जॅक, पाने. वाटेत समोरून येणारा प्रत्येक दिवा तो निरखून बघत होता, वालिस लवकर तर निघाला नाही ना. एकही गाडी आली नाही. पंचविसाव्या किलोमीटरनंतर धुकं लागलं. पुढचे दहा हातही दिसेनात.

एकतिसाव्याच्या अलीकडे त्याला जाणवलं, गाडी जड झालीय.

मिस्त्री माणूस तो. त्याला ते बुडाखाली कळतं. मागचे पाटे दबले होते. कुणी चढून बसल्यावर दबतात तसे.

आरशात बघितलं नाही त्यानं. रात्री या रस्त्यावर मागं बघायचं नसतं, तुम्हालाही ठाऊक आहे. चालवत राहिला. डॅशबोर्डवरचं घड्याळ अकरा चाळीस दाखवत होतं.

मागून आवाज आला.

"मिस्त्री..."

त्यानं गिअर उतरवला.

"मिस्त्री... माप कशावर घेतलंस?"

आवाज शांत होता, म्हणाला. गिऱ्हाईक विचारतं तसा. रागाचा असता तर बरं झालं असतं.

 पेंग म्हणाला, "भरल्या गाडीवर."

"लोंबता सोडून बघितलास?"

"...नाही."

वळण आलं. एकतिसावा दगड. त्यानं पाय दाबला. गाडी थांबली. धुकं. दरीकडची बाजू नुसती पांढरी.

"आणि माझ्या वेळी?"

"...तेव्हाही नाही."

 नुसतं इंजिन. पेंग दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता.

"मग मी प्यायलो होतो का, मिस्त्री?"

"नाही."

"कुणाला सांगितलंस?"

...

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

आणि गाडीचा मागचा भाग वर आला. हळूच. ओझं उतरल्यावर येतो तसा. दार उघडल्याचा आवाज नाही, पाऊल नाही, काही नाही.

पेंग म्हणतो, मी तिथं लहान मुलासारखा रडलो. मग रडतच गाडी पुढे घातली, कारण वर ती पोरगी होती.

साडेबाराला तो माल भरायच्या जागी पोचला. वालिसची गाडी जागेवरच उभी. कोबी गळ्यापर्यंत भरलेला. पोरगी केबिनमध्ये पांघरूण घेऊन गाढ झोपलेली. आणि वालिस लालबुंद.

"काय हो मिस्त्री! कसला माणूस पाठवलात? काम अर्धं टाकून गेला! पेडल पार तळाला जातंय!"

"कोण माणूस?"

"मलाच विचारा आता! अकरा चाळीसला आला. निघायची वेळ झाली म्हणून मी नुकतंच घड्याळ बघितलं होतं. म्हणाला, पेंग मिस्त्रीनं पाठवलंय, ब्रेकची नळी खोलायचीय. आणि शिरला खाली."

"दिसायला कसा होता?"

"आमच्यातलाच होता. आमच्या भाषेत बोलला. चेहरा... अंधार होता हो. टोपी पुढं ओढलेली."

"गेला कुठं?"

वालिसनं गाडीखाली बघितलं. मग आवाज उतरला त्याचा.

"खाली शिरताना बघितला. बाहेर येताना... नाही बघितला."

एकतिसावा दगड ते ती जागा, एकवीस किलोमीटर. घाटातले. पेंगनं त्याला ते सांगितलं नाही.

बॅटरी घेऊन तो गाडीखाली गेला. खाली कुणी नव्हतं. एक्सलकडचा बोल्ट खोललेला, ब्रेक ऑइल सगळं मातीत गेलेलं. नळी हातात घेऊन वाकवली, तर टोकाजवळ रबर फाटून आतला दोरा बाहेर आलेला. पुरता नाही, धाग्यावर होतं. उतारावर दोनदा जोरात पाय दाबला असता तर खेळ खलास. कोणतं वळण, एवढाच काय तो प्रश्न होता.

मग पेंगनं ते केलं जे आधी करायला हवं होतं. ऐक रे, हे तुझ्यासाठी. वालिस कुरकुरत होता, पण त्याला सगळा कोबी उतरवायला लावला. गाडी चॅसीवर उचलली, चाकं पार लोंबू दिली. लांब नळी घेतली. तिच्या अंगावर रंगाची रेघ असते ना, ती सरळ राहील असं बघितलं, म्हणजे पीळ पडत नाही. वायसर नवे. लोंबत्या चाकावर झोल बघितला. मग गाडी खाली, कोबी पुन्हा आत, आणि भरल्यावर नळी कुठं घासते का ते बघितलं. चारी चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली, सगळ्यात लांबच्या चाकापासून. शेवटी वालिसला पेडल दाबून धरायला लावलं, आणि स्वतः खाली पडून प्रत्येक जोडावरून कोरडं बोट फिरवलं. तीन वेळा. दोन मापं, पोरा. एक रिकामं, एक भरलं. दुसरं घ्यायला अर्धा तास लागतो फक्त.

पहाटे वालिस निघाला, आणि पेंग त्याच्या मागं. गाडी एकतिसाव्या दगडाच्या वळणावरून शहाण्यासारखी उतरली. पोरगी तेव्हा जागी होती, खिडकीतून डोकं काढून तिनं पेंगला हात केला.

पेंग सरळ घरी गेला नाही. बाविसाव्या किलोमीटरला जी वस्ती आहे, तिथं ताकुनची बायको राहते. लुबी. पत्र्याचं निळं दार असलेलं घर. सात वाजले होते. ती मक्याची कणसं उकडायला ठेवत होती. पेंग उंबऱ्याच्या आत गेला आणि उभ्यानंच सगळं बोलून टाकलं. "वहिनी, ताकुन प्यायला नव्हता. नळी मी आखूड बसवली होती. मला शंका होती आणि मी गप्प बसलो."

लुबीनं विस्तव कमी केला. 

"माझ्या पोराला शाळेत बेवड्याचा म्हणायचे," ती म्हणाली. "त्यानं शाळा सोडली. मीच त्याला मारलं होतं, तिथं भांडून आला म्हणून. आणि तुम्ही दर सणाला आमच्याकडं मिठाई पाठवायचात... ती आम्ही खायचो, पेंगदादा."

पेंग खाली मान घालून उभा. शिव्या दे, म्हणत होता मनात, काहीतरी फेकून मार.

तिनं तसलं काही केलं नाही. ती उठली आणि त्याच्या पाठीमागचं दार लावून घेतलं. पेंग घाबरला. तिनं कडी घातली आणि म्हणाली, "रात्री बाराच्या आधी दार वाजलं. मला वाटलं वारा. उठून बघितलं, तर कडी होती तशी, आतून. बाहेर कुणी नाही. झोपले परत. सकाळी हे."

ब्रेक ऑइल रंगावर सांडलं की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. रंगाला फोड येतात आणि तो सालासारखा निघतो, खालचा पत्रा दिसायला लागतो.

दाराच्या आतल्या अंगाला, कडीच्या वर, निळा रंग निघाला होता. पाच बोटं आणि एक तळवा. बाहेरून घरी आलेला माणूस आत आल्यावर पाठीमागं दार लोटतो ना, तसा.