पेवात उतरलेला माणूस

"माहा नवरा दारू पिऊन मेला, असं पोलीस पाटलानं लिहून ठेवलं साहेब. ते खोडून द्या."

बाई दारातच उभी होती. शेषराव खेडकरांनी तिला खुर्ची दाखवली. तिनं भिंतीशी बसणं पसंत केलं.

खामगावात शेषरावांचा धंदा आगींचा होता. कापसाच्या एखाद्या जिनात सरकी पेटली की विमेवाले त्यांना बोलावत, आणि आग लागली की लावली, हे ते राख चिवडून सांगत. त्यामुळे बाजारातले निम्मे शेटजी त्यांना वाकून नमस्कार करत आणि उरलेले बोळ बदलत. खेड्यातून एखादी विधवा येऊन नवऱ्याची अब्रू मागते, असं मात्र आजवर घडलं नव्हतं.

"नाव काय बाई? आल्या कुठून?"

"शालूबाई हिवाळे. कोळखेडची, अमडापूरच्या जवळ. माहा नवरा मोतीराम, किसनराव पाटलाकडे दहा वर्सापासून सालावर राबे, सालदार होता. गेल्या आठवड्यात पाटलाच्या पेवात मेलेला सापडला."

समोर चहा पीत बसलेले उत्तमराव मास्तर दचकले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते रोज इथे चहाला येत आणि तपास असला की न बोलावता सोबत जात. "कोणते किसनराव? आज ज्यांना विद्यापीठाचं पदक मिळतंय, ते?"

"तेच."

पेपरात फोटो आला होता. संकटकाळी पुढे होऊन लोकांना जगवणाऱ्या माणसासाठी विद्यापीठानं सुवर्णपदक ठेवलं होतं, आणि पहिलं पदक किसनराव पाटलांना जाहीर झालं होतं. बहात्तरचा पाऊस दगा देऊन गेला. पुढच्या उन्हाळ्यात पाटलांनी आपलं ज्वारीचं पेव गावासाठी उघडलं, अशी हकिकत छापली होती. हे पेव म्हणजे त्यांच्या अंगणातलं जमिनीखालचं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत दीड पुरुष खोल पोट.

"पाटील म्हंतात, हा रात्री पिऊन आला आन् उघड्या पेवात डोक्यावर पडला," शालूबाई म्हणाली. "साहेब, आमी दीक्षा घेतली तवापासून त्यानं थेंबाले हात लावला नाही. विहारात पोरायले पंचशील तोच शिकवे. आता त्याच विहारात त्याच्या नावानं वंदना घ्याले कोणी तयार नाही. बेवड्यासाठी काऊन घ्या म्हंतात."

"प्रेत तुम्ही पाहिलं?"

"मीच धुतलं. डोकं धड होतं. अंगावर खरचटेल सुद्धा नाही. कानात ज्वारीचे दाणे होते, ते बोटानं काढले. कपड्याले आंबूस वास होता. त्यालेच समदे दारू म्हंतात."

शेषरावांनी कप खाली ठेवला. "मास्तर, चिखलीची गाडी आता मिळेल ना?"

कोळखेडात सणासारखी गडबड होती. पाटलांच्या अंगणात मांडव पडला होता. पोलीस पाटील पंजाबराव फेट्याला तुरा काढून मिरवत होते. शेषरावांचं नाव ऐकून त्यांचा तुरा जरा खाली आला.

"पंचनामा मी सोता केला हो," ते म्हणाले. "तोंडावर पडेल होता. बाजूले बाटली, बाजूले कंदील. समदं सरळ आहे."

"बाटली फुटली होती?"

"नाही ना! अर्धी भरेल होती. नशीब पाहा, मानूस गेला अन् बाटली शाबूत."

"आणि कंदील?"

पंजाबराव ओशाळले. कंदील त्यांच्याच ओसरीवर टांगलेला होता. पुरावा म्हणून आणला आणि घरात वापरायला ठेवला.

"काच नवी बसवली?"

"जुनीच आहे. टाकीही भरेल होती, मले तेलसुद्धा घालावं नाही लागलं."

"डॉक्टर बोलावला नाही?"

"पाटील म्हने, गरिबाच्या देहाची चिरफाड काऊन करता. मले बी पटलं."

मोठ्यांचं म्हणणं पंजाबरावांना नेहमीच पटत असे. त्याशिवाय का माणूस गावात इतकी वर्षं टिकतो?

किसनराव पाटलांनी पाहुण्यांचं स्वागत हसून केलं. शेजारी विद्यापीठाच्या समितीचे प्राध्यापक नारायणराव मानपत्रावरून शेवटची नजर फिरवत होते.

"पेव पाहाचं? पाहा की. लपवाले काय आहे?" पाटील म्हणाले. "मागच्या चैत्रात तोंड उघडलं, मिरगाच्या आधी बूड लागलं. घरासाठी दाणा ठेवला नाही. तवापासून रिकामंच पडेल आहे. हे साहेब पाहाले येनार होते म्हनून फक्त वरची शिळा काढून ठेवली, आन् हा त्यात पडला. बिचारा इमानदार होता. तेवढी दारू सोडली तं."

"आमचाही दोष आहे त्यात," नारायणराव म्हणाले. "पेव पाहायला येण्याचं आम्ही ऐनवेळी ठरवलं. आदल्या संध्याकाळी निरोप धाडला. नेमकी त्याच रात्री ही दुर्घटना! मग आम्ही दोन दिवसांनी आलो. पण पाहिलं आणि भरून आलं हो. एवढं मोठं कोठार, आणि एक दाणा नाही."

शेषराव शिडीवरून आत उतरले. मागोमाग उत्तमराव, देवाचं नाव घेत. भिंतींना शेणामातीचा लेप होता, तळ झाडून लख्ख केलेला होता.

"शेषराव, इथे अजून दारूचा वास येतो," उत्तमराव नाक मुरडत म्हणाले. "बाटली सांडली असणार."

"चारी भिंतींना? वर तोंडापर्यंत?"

"मग मोठी बाटली असेल."

शेषराव हसले नाहीत. त्यांनी लेपाला नाक लावलं, पुन्हा एकदा हुंगलं आणि वर चढले.

मागच्या अंगणात गावजेवणाच्या चुली पेटल्या होत्या. झुंबरबाई दोन बायांना हाताशी घेऊन भाकरी थापत होती. दुष्काळात पाटलांच्या नावानं गावाला वाटायच्या आंबिलीचा हंडाही तिच्याच हाती होता.

"सरकारची मिलो येई आन् पाटलाची ज्वारी. दोन्ही मिसळून पीठ दळून येते, असं पाटील सांगत," ती म्हणाली. "आमी फक्त शिजवलं."

मिलो म्हणजे त्या वर्षी परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. वऱ्हाडातली जनावरंसुद्धा आधी हुंगून मग तोंड लावत.

"आंबिलीचा रंग कसा असायचा?"

"लालभडक. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत." तिनं भाकरी उलटली. "पोरायच्या पोटात ठरे नाही. मोतीरामची चांगुणा वाटी घेऊन इथंच बसे. दोन घोट घे आन् ओके. वैशाखात गेलं लेकरू. चार वर्साची होती."

उत्तमरावांच्या हातातला घास थांबला. झुंबरबाईनं त्यांना बळेच भाकरी वाढली होती.

"ही भाकरी अशी पिवळट का?" त्यांनी विषय बदलला.

"पाटलानं जेवनाले जुनी ज्वारी काढून देल्ली. पीठ आंबूस येते. पन फुकटात देल्लं त्याले काय नावं ठेवता?"

शेषरावांनी भाकरीचा तुकडा नाकाशी नेला. मग तो रुमालात बांधला.

"माझं मत सांगू?" मांडवाकडे परतताना उत्तमराव कुजबुजले. "पाटलांचा कुणीतरी वैरी असणार. पदकाच्या तोंडावर बदनामी व्हावी म्हणून त्यानं मोतीरामला ढकललं."

"मास्तर, ढकललेल्या माणसाचा कंदील फुटत नाही?"

उत्तमराव दुसरं मत शोधू लागले.

समारंभाला अजून अवकाश होता. शेषरावांनी पाटील, प्राध्यापक आणि पंजाबराव यांना मांडवात बसवलं. झुंबरबाई पदराला हात पुसत आली. शालूबाई मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली. तिला बसा म्हणायचं कुणालाही सुचलं नाही.

"काम छोटं आहे," शेषराव म्हणाले. "मोतीराम हिवाळे दारू प्यालेला नव्हता आणि पडलाही नव्हता. दीड पुरुष खाली डोक्यावर पडलेल्याच्या अंगावर ओरखडा नाही. बाटली शाबूत. कंदिलाची काच शाबूत. कंदील पडला नाही, तो अलगद ठेवला गेला. पेटता ठेवला असता तर रात्रभरात तेल जळालं असतं. टाकी तर भरलेली. रात्री न पेटवलेला कंदील कुणी नेत नाही, म्हणजे तो पेटवल्यावर लगेच विझला. पंजाबराव, पेवात कंदील कधी विझतो?"

पंजाबराव शेतकऱ्याचंच पोर. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वाफेनं. भरेल पेव नवं उघडलं की आत वाफ असते. दिवा सोडून पाहा लागते. इझला तं मानूस उतरवत नाहीत." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली.

"बरोबर. त्या वाफेत माणूस दोन श्वासांत खाली बसतो आणि उठत नाही. अंगावर खूण राहत नाही. मोतीरामच्या कानात दाणे होते, कारण तो दाण्यांवर पडला, झाडलेल्या तळावर नाही. कपड्यांचा वास दारूचा नव्हता. बरीच वर्षं कोंडलेल्या ज्वारीचा होता. तोच वास पेवाच्या भिंतींना आहे." त्यांनी रुमाल उघडून पाटलांच्या पुढ्यात ठेवला. "आणि तोच तुमच्या गावजेवणाच्या भाकरीला आहे. पाटील, घरासाठी दाणा ठेवला नाही म्हणालात. मग ही पेवातली ज्वारी आली कुठून?"

किसनराव भाकरीकडे पाहत राहिले. पेवातली पिवळी ज्वारी बाजारात कुणी हात लावत नाही, गावाला मात्र घालायला चालते. कंजूषपणा माणसाला पदकाच्या दिवशीही सोडत नाही.

"झुंबरबाईची आंबील शेवटपर्यंत लाल होती," शेषराव पुढे म्हणाले. "तिच्यात तुमचा दाणा कधी पडलाच नाही. भाव अजून चढेल म्हणून तुम्ही थांबलात. मग सरकारी झडत्या सुरू झाल्या आणि ज्वारी बाहेर काढायची सोय राहिली नाही. गेल्या आठवड्यात निरोप आला की मंडळी उद्या रिकामं पेव पाहायला येणार. वाफ जाऊ देण्याइतका धीर तुम्हाला नव्हता. तुम्ही मोतीरामला उतरवलं. तो पडल्यावर पेवाची हवा मोकळी केलीत, त्याला ओढून काढलंत, रातोरात ज्वारी उपसलीत, आणि झाडलेल्या तळावर त्याला बाटलीसकट परत ठेवलंत."

"हे समदं तुमचं रचेल आहे," पाटील घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पेव चैत्रातच रिकामं झालं."

"असेल. मग तिथे वाफ नव्हती. पडून तो मेला नाही, वाफेनंही मेला नाही. धडधाकट माणूस तुमच्या आवारात खूण न ठेवता मेला आणि तुम्ही त्याच्याशेजारी बाटली ठेवलीत. त्याला खून म्हणतात, पाटील. पंजाबराव, घ्या लिहून."

पंजाबरावांनी खरंच खिशातून पेन्सिल काढली. आयुष्यात पहिल्यांदाच ते पाटलांकडे न पाहता लिहायला बसले.

"थांब बे!" किसनराव ओरडले. "खून नाही तो! वाफेनंच मेला! मी त्याले म्हटलं होतं घाई कर, पन मारलं नाही मी त्याले. देवाशपथ अपघात होता हो!"

झुंबरबाईनं हातातलं पीठ जमिनीवर झटकलं आणि ती पाटलांच्या तोंडाकडे पाहत राहिली. वर्षभर ती त्या माणसाच्या नावानं दुवा देत होती.

प्राध्यापक नारायणरावांनी मानपत्राची सुरळी केली. "अपरिहार्य कारणास्तव समारंभ पुढे ढकलला, असं आम्ही कळवू. विद्यापीठाचं नाव यात यायला नको. आणि हे पाहा, समितीनं सगळी चौकशी करूनच निवड केली होती." ते मोटारीकडे निघाले ते झपाझप. दुष्काळातसुद्धा ते या गावात एवढे झपाझप आले नसतील.

चिखलीच्या ठाण्याला निरोप गेला. पंजाबरावांनी जुन्या पंचनाम्यातली दारू सगळ्यांसमोर खोडली आणि नवं लिहिलं. शालूबाईला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं लक्षपूर्वक ऐकलं आणि शेषरावांना हात जोडले.

"लय उपकार झाले साहेब."

"आता विहारात वंदना होईल, बाई."

तिनं मान हलवली, पण ती जागची निघेना. कपाळाला आठ्या घालून ती उघड्या पेवाकडे पाहत होती.

"साहेब, पेव दुष्काळाच्या आधीपासून बंद होतं, असंच ना?"

"हो."

"मंग ते भरलं कोनं? तोंड लिपलं कोनं?"

हा प्रश्न शेषरावांना पेवात उतरल्यावरच पडला होता, आणि त्याचं उत्तर त्यांनी मुद्दाम मांडवात आणलं नव्हतं. "ते आता कशाला, बाई?" ते म्हणाले. "चला, तुम्हाला घरी सोडतो."

पण उत्तमरावांना उत्तर येत होतं, आणि उत्तर येत असताना गप्प बसणं त्यांना शाळेतही जमलं नव्हतं. "कोण म्हणजे? सालदारच. पेव भरायचं काम घरच्या सालदाराशिवाय कुणाला सांगत नाहीत. उगाच बोभाटा होतो."

दिवसभरातलं त्यांचं तेवढं एकच अनुमान बरोबर निघालं. ते बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

शालूबाई हळूच खाली बसली.

"पोरगी त्याच्या मांडीवर गेली," ती म्हणाली. "लाल नको, ज्वारीची भाकर दे बाबा, म्हने. मरेपर्यंत म्हने. आन् हा तिच्या डोक्यावर हात फिरवे. कुठून आनू माय, म्हने, गावात दाणा नाही."

"बाई, सालदाराचं तोंड मालकाकडे गहाण असतं," शेषराव म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपलं बोलणं फोल वाटलं. "बोलला असता तर तुम्हाला गावात उभं राहू दिलं नसतं कुणी."

"मले तं सांगाचं होतं. मी उकरलं असतं हातानं."

ती उठली. पदर सावरला. झुंबरबाई तिला धरायला पुढे आली, तिचा हात तिनं बाजूला केला.

"दारू पिऊन मेला असता साहेब," शालूबाई म्हणाली, "तं मी त्याच्यासाठी रडली तरी असती."