कोरडं कार्ड

ती पाण्याची बाटली इथेच राहू दे, मग सांगते.

रविवारी दुपारी मी ऑफिसला गेले ती अर्धवट राहिलेलं स्कॅनिंग उरकायला. विम्याच्या जुन्या फायली मशीनमध्ये सरकवायच्या, एवढंच माझं काम. महिनाअखेरीला नोकरी पक्की होणार होती. पक्की झाली की स्वतःची खोली घ्यायची आणि आईच्या ‘कुठे होतीस, कोण होतं बरोबर’मधून सुटायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. पण हजेरी दाराच्या हातात होती. दाराशेजारी एक काळं खोकं, त्याला आडवी खाच. कार्ड आत सारायचं. हिरवा दिवा लागला तर तुम्ही हजर. लाल लागला तर समोर धडधडीत उभे असूनही गैरहजर.

माझ्या कार्डाला लालच लागायचा. रोज कुणाच्या तरी मागून आत घुसायचं आणि साहेबांकडे जाऊन हजेरी मागायची. साहेब म्हणायचे, नवीन आहे, होईल सवय. कार्डाला की मला, असं विचारलं की नुसते हसायचे. मला तिथे चिकटवणारी माझी मावशी उलट मलाच दटावायची, की आल्याआल्या भांडणं काढू नकोस, आमचं इतकी वर्षं चालतंय ना. मोठ्या माणसांचं हे ‘चालतंय’ माझ्या डोक्यात जातं.

आणि सगळेच्या सगळे कार्ड बाहेर काढलं की पुसायचे. साहेब पँटला, मावशी ओढणीला. न बघता, बोलता बोलता. एकदा मावशीचं कार्ड मीच खाचेतून ओढलं. ते ओलं होतं. कोमट, बुळबुळीत, बोटाला तार येत होती. वास तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडाचा. मी बेसिनकडे धावले, साबण लावून हात धुतले, परत धुतले. मावशी म्हणाली, एसीचं पाणी असतं गं, आणि तिने बाटली तोंडाला लावली. तेव्हा लक्षात आलं, तिथे प्रत्येकाच्या टेबलावर मोठी बाटली असते. आणि बोलताना सगळ्यांचे ओठ एकमेकांना चिकटतात.

तर रविवार. बाहेरचं दार वॉचमनने बटण दाबून उघडलं आणि तो जेवायला गेला. पुढे हातभर रुंदीचा बोळ, मग आतलं दार. बाहेरचं मागे बंद झालं. आतल्याला कार्ड घातलं. लाल. परत फिरायलाही तसलंच खोकं. तिथेही लाल. एसी बंद होता. हळूहळू तो वास चढायला लागला... तोच, शिळ्या तोंडाचा.

मी पर्समधून सॅनिटायझर काढलं, कार्ड चकचकीत पुसलं आणि आत सारलं. खोक्यातून ठसका लागल्यासारखा आवाज आला. कार्ड माझ्या पायाशी येऊन पडलं.

मी मावशीला फोन लावला. काय झालं ते सांगितलं. ती अगदी हळू म्हणाली, “कोरडं घातलंस?”

“म्हणजे?”

“जिभेला लाव... एकदाच. आम्ही सगळ्यांनी लावलंय. त्याला ओळख पटायला नको का...”

मी तिला नाही नाही ते बोलले आणि फोन ठेवला. वॉचमनला हाका मारल्या. दार बडवलं. कोणी आलं नाही. मागे वळले तर खाचेच्या कडा ओल्या झाल्या होत्या. एक थेंब लोंबत होता, तुटत नव्हता... वाट बघत असल्यासारखा.

मला खोली हवी होती. माझी, एकटीची.

मी डोळे मिटले आणि कार्ड जिभेवरून फिरवलं. खाचेने ते माझ्या हातातून अलगद ओढून घेतलं. लगेच सोडलं नाही. आत काहीतरी चोखत होतं. माझं तोंड सुकत गेलं, जीभ टाळूला चिकटली... मग हिरवा दिवा लागला. कार्ड बाहेर आलं आणि मला कळायच्या आत मी ते जीन्सला पुसलं. खोक्याची किळस आली त्याहून जास्त स्वतःची आली.

नोकरी पक्की झाली. ही खोली मिळाली. कुलूप मी स्वतः दुकानातून आणलं, पाकीट स्वतः फाडलं. सामान आणायच्या दिवशी आई किल्ली घेऊन पुढे गेली. मी सामानाची खोकी घेऊन जिना चढून येते तर दार उघडलेलं.

“नवं आहे ना, किल्ली आधी लागतच नव्हती,” आई म्हणाली. “आता नाही त्रास द्यायची.”

तिने कुलपातून किल्ली ओढली, न बघता स्वेटरच्या बाहीला पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. ती कोमट होती.

मग तिने माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि एका दमात संपवली.